दाखल नंबर एक ते दोनशे बारा

"मॅडम, पहिली दोनशे बारा पुस्तकं कुठे आहेत?"

सीओ साहेबांचं बोट माझ्या रजिस्टरच्या पहिल्याच ओळीवर होतं. मी गेले होते वाचनालयाची इमारत वाचवायला, आणि साहेब विचारत होते पुस्तकांचं. सीओ म्हणजे नगरपंचायतीचे मुख्याधिकारी. माणूस तरुण, पुण्याकडचा. एक एक अक्षर वेगळं ऐकू येईल असं बोलायचा.

"ती नाहीत साहेब," मी म्हटलं. "आधीपासून नाहीत."

"आधीपासून म्हणजे केव्हापासून?"

"माझ्या आधीपासून."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. माझी बाजू तिथंच अर्धी पडली.

हे तुम्हाला आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला पहिल्यांदा नंबर मिळतो, कपाट मागून. तो दाखल नंबर. तो ज्या वहीत लिहायचा ते दाखल रजिस्टर. एक नंबर एकदाच. पुस्तक हरवलं, फाटलं, उंदरानं नेलं, तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि चुकलेला आकडा खरडून काढायचा नाही. एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. मी या वाचनालयात झाडू मारायला लागले तेव्हा जुन्या ग्रंथपाल भाऊंनी मला पहिला धडा हाच दिला होता. बाकीचं मी पाहून पाहून शिकले. डिग्री कुठली माझ्याजवळ!

तर आमचं रजिस्टर सुरू होतं ते २१३ पासून. त्याच्या आधीचं रजिस्टर उधईनं, म्हणजे वाळवीनं खाल्लं, असं मला सांगितलेलं. दर वर्षी जिल्ह्यावरून इन्स्पेक्शनला साहेब यायचे आणि दर वर्षी एकच शेरा लिहायचे: 'दाखल क्रमांक १ ते २१२ आढळून आले नाहीत.' मी खाली सही करायची, मग साहेब चहा घ्यायचे. इतकी वर्षं झाली, पण त्या शेऱ्याचा मला कधी राग आला नाही की मी त्यावर कधी विचारही केला नाही. सवय फार वाईट गोष्ट आहे.

सीओ साहेबांनी त्या दिवशी जे सांगितलं ते असं. नगरपंचायतीच्या मालमत्तेच्या रजिस्टरात आमच्या इमारतीपुढे लिहिलंय 'जुना लाकूड डेपो'. वाचनालय हा शब्दच नाही. डेपो तर कधीचा उठला. मग ही उरलेली इमारत पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे, असा प्रस्ताव येत्या सभेपुढे होता.

"साहेब, ती डेपोची नाही. गावानं वाचनालयासाठीच बांधली, असं आम्ही ऐकत आलो."

"ऐकत आलात ना? मला वाचायला द्या. लोकांनी वाचनालय म्हणून बांधली असा पुरावा असेल तर नोंद दुरुस्त करता येते, मी स्वतः सभेपुढे ठेवीन. नसेल तर माझा नाइलाज आहे. सभेला बारा दिवस आहेत. त्याआधी मी साइट बघायला येईन."

बोलण्यात कुठं उद्धटपणा नव्हता, हीच अडचण. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

आमचं गाव नागभीड आणि आरमोरीच्या मधलं. आजूबाजूला धानाच्या बांध्या, त्याच्या मागे जंगल. वाचनालय म्हणजे एक लांब हॉल, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि पुढे सपरी, म्हणजे ओसरी. चंद्रपूर-नागपूरवाल्यांना पाहून हसू येईल अशी इमारत. पण सकाळी आठला तुम्ही या. जागा मिळायची नाही. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, जी जाहिरात निघेल तिची पोरं-पोरी इथं बसलेली. पुस्तकं वाचणारे चार, अभ्यास करणारे चाळीस.

मी परत आले तेव्हा माझं तोंड पाहूनच रंजना उठली. ही जंगलातल्या गावची मुलगी. पहाटे रोडवर धावते, आठला वाचनालयात येते, सहाच्या बसनं घरी जाते. घरी एक खोली आणि नऊ माणसं.

"काय म्हणाले जी साहेब?"

मी सांगितलं.

"मंग आम्ही कुठी बसाचं?"

आमचे अध्यक्ष देवरावभाऊ, रिटायर पोस्टमास्तर, तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, बारा दिवसांत काय होते? पोस्टात साधी रजिस्ट्री हरवली तं सहा महिने लागत. तुम्ही पुस्तकांसाठी दुसरी खोली पाहून ठेवा."

"पुस्तकांले खोली भेटल भाऊ. या चाळीस पोरांले कुठी ठेवू?"

 त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

तीन दिवस मी कपाटं उपसली. जुन्या सभांचे ठराव सापडले, वीजबिलं सापडली, एका कार्यक्रमाला पाहुणे आले नाहीत म्हणून लिहिलेलं रागाचं पत्र सापडलं. इमारतीचं काही नाही. चौथ्या दिवशी मी कागद सोडले आणि रंगाच्या मागे लागले. म्हटलं, साइट बघायला येतील तेव्हा निदान ही म्हातारी बरी तरी दिसू दे. वासुदेवभाऊ सुतारांना बोलावलं. खिडक्यांवर रंगाचे इतके थर बसले होते की पल्ले लागतच नव्हते. ते खरडायचे आणि नवीन हात द्यायचा, एवढंच काम.

तासाभरात त्यांची हाक आली.

"बाई, इकडे या जरा. हे काय होय?"

खिडकीच्या चौकटीवर, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तपकिरी, त्याच्याखाली उघडं सागवान. आणि त्यात छिन्नीनं कोरलेला आकडा. २७.

दुसरी खिडकी खरडली. २८. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी तसाच धरून उभी.

"नंबर ठोकला हाये लाकडाले," वासुदेवभाऊ म्हणाले. "माहा बाप डेपोत होता ना. जंगलातून लाकूड आलं का पहिले नंबर, मंग बाकीचं. बाई, हे डेपोचंच लाकूड होय. साहेब खरं सांगून राह्यले."

कप मी खाली ठेवला.

देवरावभाऊ आले, चष्मा लावून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "वासुदेव, हे बुजते काय?"

"लांबी भरतो, वरून रंग मारतो. साहेबाच्या बापाले दिसत नाई."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आता खरं सांगते, लाज सोडून सांगते. मी म्हटलं, "भरा."

२७ वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मग २८ वर भरायला त्यांनी पट्टी उचलली. तीस वर्षं मी पोरांना ओरडत आले, आकडा खरडू नका, रेघ मारा, सही करा. आणि इथे माझ्याच हुकमानं आकडा बुजवला जात होता.

"थांबा भाऊ. काढा ते."

"आताच तं भरलं!"

"काढा म्हणते ना. डेपोचं असन तं डेपोचं. पण नंबर बुजवाचा नाई."

वासुदेवभाऊंनी देवरावभाऊंकडे असं पाहिलं, की बाईचं डोकं तापलंय. पण ओली लांबी खिळ्यानं कोरून काढली. थोडी कोपऱ्यांत राहिलीच. ती पुढे आम्हाला चांगलीच भोवणार होती, पण ते नंतर सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सपरीत बसले होते, डोकं धरून. रंजना पायरी धूत होती. पोरांच्या चपलांचा चिखल तिथे बसतो, म्हणून ती रोज एक बादली मारते, कोणी सांगितलेलं नाही. एकदम ओरडली.

"बाई! दगडावर बी हाये!"

पायरीच्या कडेला, चिखलाखाली, ४.

मी खाली उतरले. बोट फिरवलं. चारच. तीच छिन्नी, तसाच वळलेला आकडा.

"रंजना, डेपोत दगड येते काय?"

"डेपोत दगड कायले येईन जी?"

बस्.  जंगलातून दगडाचे ओंडके येत नाहीत. लाकडाचा नंबर डेपोचा असेल, पण पायरीला कोणता डेपो नंबर देतो? मी आत गेले आणि चाळीस पोरांसमोर टाळ्या वाजवल्या. त्या हॉलमध्ये मी स्वतः 'शांतता राखा' लिहून लावलेलं आहे.

"पुस्तकं मिटा! सगळ्यांनी उठा! भिंती शोधा, दारं शोधा, जिथं आकडा दिसन तो मले आणून सांगा!"

काय ती गंमत! कोणी बाकाखाली, कोणी शिडीवर, कोणी मोबाईलचा टॉर्च लावून. वासुदेवभाऊ पल्ले खरडतायत. पोरी ओरडतायत, "बाई, एकशे नव्वद!", "बाई, सोळा! खांबाच्या पायातल्या दगडाले!", "बाई, घंटेच्या आत कोरलं हाये, एकशे त्र्याहत्तर!" मी वहीत लिहितेय. दुपारपर्यंत एकसष्ट आकडे झाले. लाकूड, दगड, लोखंडी कड्या, पितळेची घंटा, वरची मयाल, म्हणजे आडवी तुळई, सगळं आलं. मी ते क्रमानं लावून पाहिले. सगळ्यात मोठा आकडा भिंतीतल्या कपाटाच्या फळीवर होता. २१२.

त्याच्या पुढे एकही नाही.

देवरावभाऊंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. पोस्टमास्तर माणूस, आकडे त्यांच्या नजरेत चटकन बसतात. त्यांनी टेबलावरचं दाखल रजिस्टर ओढलं, पहिलं पान उघडलं, २१३. मग माझी यादी. २१२. मग पुन्हा रजिस्टर.

"बाई," ते म्हणाले, "तुमची हरवलेली पुस्तकं..."

"पुस्तकं नव्हतीच भाऊ," मी म्हटलं. "ही इमारत होती."

आणि मी रडले की हसले, आठवत नाही. पोरं हसत होती एवढं आठवतं. इतकी वर्षं ज्या छपराखाली बसून मी 'आढळून आले नाहीत' वर सही केली, ते छपरच दाखल होतं.

पण नुसत्या आकड्यांनी साहेब ऐकणार नव्हते. आकडा म्हणजे काय ते सांगणारा कागद पाहिजे, आणि तो उधईच्या पोटात. मी त्या पायरीकडे पाहत बसले. गुळगुळीत काळा दगड. असे दगड आमच्याकडे एकाच ठिकाणी असतात, तलावाच्या घाटावर, कपडे धुवायला. म्हणून मी तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यात, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, गेले. तिथली सगळ्यात म्हातारी म्हणजे पार्बताबाई. जाळं विणत बसल्या होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं, बोटांना सगळं दिसतं.

"वाचनालयाची पायरी ना?" त्या म्हणाल्या. "तो दगड तं माह्या सासऱ्यानं देल्ला. चार जण लागले न्याले. चिठ्ठी हाये ना त्याची."

"कायची चिठ्ठी?"

"मुनशीची."

मुनशी कोण, ते त्यांनी जाळ्याचे डोळे मोजत मोजत सांगितलं. त्या जागेवर पूर्वी एका ठेकेदाराचा लाकूड डेपो होता. ठेकेदार गेला, त्याचा मुनशी मात्र इथंच राहिला. एकटा माणूस, वाचायचं वेड. त्यानं गावाला वाचनालयाच्या नादी लावलं. रिकाम्या जागेवर बांधायचं ठरलं. पैसे कोणाजवळ नव्हते, म्हणून ज्याच्याजवळ जे होतं ते त्यानं आणून टाकलं. मुनशीला आयुष्यात एकच काम येत होतं. माल आला की नंबर ठोकायचा, वहीत लिहायचा आणि आणणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. लाकडाचं करायचा तेच त्यानं पायरीचं केलं, घंटेचं केलं. इमारत उभी झाली, मग पुस्तकं आली. मुनशीनं वही बदलली, आकडा नाही बदलला. दोनशे बाराच्या पुढे दोनशे तेरा.

"आन् चिठ्ठी अजून ठेवली तुम्ही?" मी विचारलं.

पार्बताबाईंनी हात थांबवला. मी काहीतरी येडपटासारखं बोलले असं तोंड केलं. "जंगलाच्या बाजूले राहून चिठ्ठी फेकते काय कोणी? उद्या कोणी इचारलं, तलावाचा दगड कोणं नेला, तं काय दाखवू?"

हे मात्र बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे घरात लाकडाचा वासा असला तरी त्याची चिठ्ठी पाहिजे. चिठ्ठी नसली की जंगलखात्याचा गार्ड दारात. त्यामुळे इकडच्या घरात लग्नाची पत्रिका हरवेल, पोराच्या जन्माचा दाखला हरवेल, पण लाकडाची चिठ्ठी आजा बापाला देतो आणि बाप पोराला. पार्बताबाईंनी पत्र्याचा डबा काढला. तळहाताएवढा जाड कागद, त्यावर जांभळी कॉपिंग पेन्सिल. 'दाखल नंबर ४. पायरीचा दगड एक. वाचनालय इमारतीकरिता पोचला.' खाली सासऱ्याचं नाव आणि मुनशीची सही.

मी त्यांच्या पाया पडले. "आता माह्यी चिठ्ठी नेऊन राह्यली, तं तिची चिठ्ठी दे," त्या म्हणाल्या. मी दिली. वहीचं पान फाडून, तारीख टाकून, सही करून.

रंजनानं तो फोटो गावाच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. 'तुमच्या पेटीत अशी चिठ्ठी आहे का? वाचनालय वाचवायचं आहे.' मग काय विचारता! सपरीत लाईन लागली. कोणी तेंदूपत्त्याचं कार्ड आणलं, कोणी जुनं रेशनकार्ड, एकानं न लागलेलं लॉटरीचं तिकीट. "हे बी जुनंच होय, पाहा कामाचं असन तं." पण त्यात खऱ्या चिठ्ठ्या निघत गेल्या. कुंभारांकडून कवेलू. लोहाराकडून कड्या. फोटो टाकल्यावर तिसऱ्या दिवशी जंगलातल्या एका गावाहून एक म्हातारे बाबा आले, सोबत सहा माणसं. मराठी त्यांना कमी येत होतं, रंजना त्यांच्याशी गोंडीत बोलली. त्यांनी पागोट्याच्या घडीतून चिठ्ठी काढली. दाखल नंबर १. बिज्याच्या लाकडाचा खांब.

हॉलच्या मधला खांब! आम्ही सूचना चिकटवून चिकटवून त्याचा नंबर झाकून टाकला होता. त्यांनी खांबाला हात लावला, वर छपरापर्यंत पाहिलं आणि रंजनाला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणून राह्यले?"

"म्हणते, गावानं बसून ठरवलं होतं. पैसे नव्हते, झाड होतं. आन् म्हणते, झाड चांगलं उभं हाये."

सभेच्या दोन दिवस आधी सीओ साहेब आले, सोबत इंजिनिअर. आमच्याकडे एकोणीस चिठ्ठ्या होत्या. मी एक एक चिठ्ठी आणि तिचा नंबर दाखवत नेलं. साहेबांच्या भुवया वर जायला लागल्या. आणि मग ते खिडकीपाशी थांबले. २७ च्या कोपऱ्यात नखानं खरडलं. पांढरी लांबी, अजून मऊ.

"मॅडम, हे ताजं काम आहे. हे नंबर केव्हा कोरले?"

 देवरावभाऊ छताकडे पाहायला लागले.

"कोरले नाई साहेब, बुजवले होते," मी म्हटलं. "हा एकच. मी बुजवायला लावला. डेपोचा वाटला म्हणून. मग काढायला लावला."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"तुम्ही विचारलं म्हणून."

साहेब थोडे हसले, पण मान हलवली. "मी तुमच्यावर विश्वास ठेवीन. सभेतले लोक ठेवणार नाहीत. ते म्हणतील, आधी चिठ्ठ्या आणल्या आणि मग त्याप्रमाणे आकडे कोरले. काय उत्तर देऊ?"

 त्यांनी टेबलावरच्या चिठ्ठ्या हातात घेतल्या, पत्त्यांसारख्या फिरवल्या. एक काढली. "ही बघा. एकशे बारा. झरोक्याची चौकट. हा नंबर तुमच्या यादीत नाही."

"नाही साहेब. तो सापडला नाही. झरोकाच नाही हॉलला."

"मग सापडवा. माझ्यासमोर."

झरोका म्हणजे भिंतीत वर ठेवलेली हवेची खिडकी. आम्ही चारही भिंती पाहिल्या. कुठंच नाही. वासुदेवभाऊ बोटानं भिंत ठोकत चालले. ठक, ठक, ठक. पश्चिमेच्या भिंतीला जुन्या मासिकांचं कपाट आहे, छताला टेकलेलं. मी नोकरीला लागले तेव्हापासून ते हललेलं नाही. त्याच्या बाजूला आवाज बदलला. ढब्.

"याच्या मागं हाये काहीतरी."

मासिकं उतरवायला वीस पोरं लागली. कपाट सरकवायला दहा, आणि अकरावे सीओ साहेब. इंजिनिअर म्हणत होता, सर, धूळ. साहेब म्हणाले, तुम्ही त्या टोकाला धरा. मागे भिंतीवर कोळ्यांची जाळी आणि सलग गिलावा. वासुदेवभाऊ शिडीवर चढले आणि छिन्नी लावली. एक ढपला पडला. दुसरा पडला. आत विटा नव्हत्याच, मातीनं बुजवलेलं भगदाड होतं, आणि त्याच्या भोवती लाकूड.

"चौकट हाये!" ते वरून ओरडले.

"नंबर पाहा!"

त्यांनी फडक्यानं पुसलं. फुंकलं. पुन्हा पुसलं. चाळीस पोरं श्वास धरून. मी तर खांबाला धरूनच उभी होते.

"एक," वासुदेवभाऊ म्हणाले. "एक... आन् दोन. एकशे बारा!"

अहो, काय आवाज झाला! बाहेर रस्त्यावरची माणसं धावत आली, कोणाला काय झालं म्हणून. साहेब स्वतः शिडीवर चढले. त्यांनी त्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढला. खाली उतरले तेव्हा पांढरा शर्ट तपकिरी झाला होता.

"हे कपाट किती वर्षं हललेलं नाही?"

"माझ्या आधीपासून साहेब."

या वेळी ते मोठ्यानं हसले.

सभेत त्यांनी फोटो दाखवला आणि एकोणीस चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स ठेवल्या. पार्बताबाई आणि खांबवाले बाबा दोघंही आले होते, त्यांना कोणी काही विचारलं नाही, तरी ते शेवटपर्यंत बसले. मालमत्तेच्या रजिस्टरातल्या 'जुना लाकूड डेपो' वर एक आडवी रेघ आली, बाजूला सही आली आणि वर लिहिलं गेलं 'सार्वजनिक वाचनालय, लोकसहभागातून'. गाळे आठवडी बाजाराच्या जागेत करायचे ठरले. त्या वर्षीच्या इन्स्पेक्शनला जिल्ह्यावरचे साहेब आले, मी त्यांना हॉलभर फिरवलं. त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग शेरा लिहिला, 'आढळून आले. वाचकांना घरी देता येणार नाहीत.'

इथं संपायला पाहिजे होतं. पण महिनाभरानं नामदेवभाऊ आले. गावातलेच, धानाचे शेतकरी. त्यांच्या हातात चिठ्ठी. दाखल नंबर ४१, मोठं दार एक.

"बाई, घर बांधून राह्यलो," ते म्हणाले. "माह्या आज्याचं दार परत पाह्यजे."

"अहो, ते दान दिलंय ना?"

"कुठी लिहिलं हाये दान? 'पोचलं' लिहिलं हाये. पोचलं होतं, आता मी घेऊन जातो."

चिठ्ठी मी उलटीसुलटी केली. खरंच, दान हा शब्द मुनशीनं कुठंच लिहिला नव्हता. एकाही चिठ्ठीवर नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकोणीस माणसं आली, कोणी पायरी उचलतोय, कोणी कवेलू काढतोय, आणि ते बाबा खांबाला हात लावून उभे. देवरावभाऊंनी पेपर तोंडापुढे धरला, तेही नेहमीसारखंच.

"बरोबर हाये भाऊ," मी म्हटलं. "दार तुमचं. पण त्याले दाखल नंबर पडला. दाखल नंबर पडलेली वस्तू घरी न्यायची तर आधी मेंबर व्हावं लागते. आन् चौदा दिवसांनी परत आणून द्यावी लागते. मग वाटल्यास पुन्हा चौदा दिवस."

नामदेवभाऊंनी दाराकडे पाहिलं. सागवानी, दोन पल्ल्यांचं, चार माणसांना न उचलणारं. मनातल्या मनात त्यांनी बैलबंडीच्या फेऱ्या मोजल्या असाव्यात.

"दर चौदा दिवसांनी?"

"नियम हाये भाऊ. सगळ्यांले सारखा."

ते मेंबर झाले. दार इथंच ठेवलं, बदली एक पुस्तक घेऊन गेले, आणि ते चौदा दिवसांच्या आत परत आणलं. आता रोज सकाळी येतात, दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचतात आणि कोणी पल्ला आपटला की ओरडतात, "हळू ना बे, आज्याचं दार होय!"

मी यातून एकच शिकले. आता वाचनालयाला कोणी खुर्ची दिली, पंखा दिला, तरी मी पावती देते, नंबर देते, आणि त्याच्या हातानं त्यावर एक शब्द जास्तीचा लिहून घेते. दान.